चिनी गुलाब आणि रुंद पानांचा पोर्टुलाका : दोन्ही कसे ओळखावेत आणि पुण्यात कसे सांभाळावेत

पुण्यात गच्चीवर किंवा बाल्कनीत कुंड्या ठेवणाऱ्या बहुतेक घरांत चिनी गुलाब असतोच. कोणी त्याला ऑफिस टाइम म्हणते, कोणी दहाची फुले म्हणते, आणि रोपवाटिकेत तो पोर्टुलाका एवढ्याच नावाने मिळतो. अडचण अशी आहे की या एका नावाखाली दोन वेगळ्या जातींची रोपे शेजारी शेजारी ठेवून, एकाच किमतीला आणि बहुधा एकाच चिठ्ठीसह विकली जातात. पहिली पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, म्हणजे सुईसारख्या गोल पानांचा जुना चिनी गुलाब, आणि दुसरी पोर्टुलाका अंब्राटिकोला, म्हणजे चपट्या, रुंद पानांचा आणि अलीकडे टांगत्या कुंड्यांतून सर्वत्र दिसणारा पोर्टुलाका. फुले उमलल्यावर दोन्ही इतके सारखे दिसतात की फरक शोधण्याची गरज कोणाला वाटत नाही. ती गरज मला एका जुलैमध्ये वाटली. एकाच दिवशी आणलेल्या, एकाच कठड्यावर ठेवलेल्या दोन कुंड्यांपैकी एक आठवड्याभरात बुडापासून काळी पडून लोळली आणि दुसरी पाने थोडी गाळून का होईना तग धरून राहिली. विकणाऱ्याने दोन्ही एकच असल्याचे छातीठोकपणे सांगितले होते.

तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो आहे. पोर्टुलाका ओळखायचा असेल तर फुलाकडे सर्वांत शेवटी पाहावे. रंग, आकार आणि पाकळ्यांची संख्या या गोष्टी बागायतदारांनी इतक्या बदलून ठेवल्या आहेत की त्यांवरून जात ठरवणे धोक्याचे आहे. पान, पानाचे बेचके आणि बोंड या तीन ठिकाणी मात्र दोन्ही जातींनी आपापला स्वभाव सोडलेला नाही.

पान आडवे कापून पाहणे

तपासणीसाठी एक धारदार पाते आणि दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे आहे. असे भिंग शालेय साहित्याच्या दुकानात सहज मिळते. फांदीच्या मधल्या भागातील एक पूर्ण वाढलेले पान खुडून घ्यावे, ते बरोबर मध्यावर आडवे कापावे आणि कापलेला तुकडा समोरून पाहावा. ग्रँडिफ्लोराच्या पानाचा काप जवळजवळ गोल दिसतो, कारण पान नळीसारखे, टोकाकडे निमुळते आणि साधारण एक ते अडीच सेंटिमीटर लांबीचे असते. अंब्राटिकोलाच्या पानाचा काप चपटा असतो. त्याचे पान मांसल असले तरी त्याला वरची आणि खालची अशा दोन स्पष्ट बाजू असतात, आणि आकार देठाकडे अरुंद व टोकाकडे रुंद, पळीसारखा असतो.

ही तपासणी उन्हात वाढलेल्या रोपावरच करावी. सावलीत पडलेल्या ग्रँडिफ्लोराच्या फांद्या लांबतात, पाने विरळ आणि बारीक होतात, आणि नवखा माणूस सहज गोंधळतो. जिना किंवा पॅसेजमध्ये ठेवलेल्या कुंडीवरून निष्कर्ष काढू नये. ती आठवडाभर पूर्ण उन्हात ठेवावी आणि नवीन फुटीची पाने तपासावीत.

बेचक्यातील केस

पान फांदीला जिथे जुळते त्या बेचक्यात भिंग धरल्यावर ग्रँडिफ्लोरामध्ये पांढऱ्या, लांब, कापसाच्या तंतूंसारख्या केसांचा झुपका दिसतो. फुलाच्या अगदी खाली, जिथे पाने गोलाकार गर्दी करून बसलेली असतात, तिथे हे केस इतके दाट असतात की भिंगाशिवायही डोळ्यांत भरतात. अंब्राटिकोलामध्येही बेचक्यात केस असतात, पण ते मोजके आणि आखूड असतात, आणि मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाहीत. माझ्या अनुभवात रोपवाटिकेत उभे असताना सर्वांत भरवशाची खूण हीच आहे, कारण पान कापून पाहिलेले विक्रेत्याला आवडत नाही, पण वाकून पाहण्याला कोणी हरकत घेत नाही.

या केसांचा संबंध मी त्या जुलैमधल्या नुकसानीशी जोडतो. सततच्या भुरभुर पावसात फुलाखालच्या त्या कापसात पाणी अडकून राहते, आणि माझ्या गच्चीवर कूज प्रत्येक वेळी प्रथम शेंड्याच्या त्या गर्दीत किंवा मातीला टेकलेल्या बुडाशी दिसली आहे. हे माझ्या कुंड्यांपुरते निरीक्षण आहे. मात्र पावसाळ्यात ग्रँडिफ्लोराला आधी छपराखाली घ्यायचे हा क्रम मी त्यावरूनच ठरवला.

बोंड आणि त्याची झालर

तिसरी खूण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत पक्की आहे, पण तिच्यासाठी थांबावे लागते. या साऱ्या कुळाचे बोंड म्हणजे एक छोटी डबी असते. ते उभे फाटत नाही, तर मध्यावर आडवे तडकून वरचे झाकण टोपीसारखे निघून येते आणि खालच्या वाटीत बारीक बिया उघड्या पडतात. पोर्टुलाका हे नाव लॅटिनमधील छोट्या दारासाठी असलेल्या शब्दावरून आले असे मानतात, आणि ते दार म्हणजे हे झाकण. अंब्राटिकोलाच्या बोंडाला, झाकण जिथे निघते त्याच्या लगत खाली, पातळ पापुद्र्याची एक गोल झालर असते. हॅटला जसा काठ असतो तशी ती चारही बाजूंनी बाहेर आलेली दिसते. ग्रँडिफ्लोराच्या बोंडाला ही झालर नसते. टांगत्या कुंड्यांतील काही वाणांत बोंड क्वचितच धरते, त्यामुळे झालर पाहायला मिळाली नाही तर पान आणि केस यांवर विसंबावे. पण एकदा जरी ती दिसली तरी पुढे वाद उरत नाही.

बियाही पाहण्यासारख्या असतात. ग्रँडिफ्लोराचे बी पोलादी राखाडी रंगाचे असते आणि त्यावर धातूसारखी चमक असते. एका ग्रॅममध्ये हजारो बिया मावतात.

फुलाबद्दल थोडेसे

फुलावरून जात ठरवू नये असे वर म्हटले, तरी एक ढोबळ कल असा आहे की अनेक पदरी, खऱ्या गुलाबासारखे भरगच्च फूल बहुतेक वेळा ग्रँडिफ्लोराचे निघते आणि पाच पाकळ्यांचे सपाट, एकेरी फूल दोन्हींपैकी कोणाचेही असू शकते. दोन्ही फुले एकाच दिवसाची सोबती आहेत. ऊन आणि ऊब मिळाली की सकाळी उमलतात आणि दुपारनंतर मिटतात. आभाळ भरलेल्या दिवशी ती उमलतच नाहीत, तेव्हा ऑगस्टमध्ये फुले नाहीत म्हणून रोपाला खत देत बसण्यात अर्थ नाही.

चिनी गुलाब चीनचाही नाही आणि गुलाबही नाही. तो दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग येथला आहे. अर्जेंटिनातील मेंडोझाच्या परिसरात वनस्पती गोळा करणारे जॉन गिलिस यांना तो आढळला आणि वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जॅक्सन हूकर यांनी १८२९ मध्ये त्याला ग्रँडिफ्लोरा, म्हणजे मोठ्या फुलांचा, हे नाव दिले. गुलाबाचा तांबडा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती द्रव्ये याच्यात नसतात. याचे लाल आणि पिवळे रंग बीटच्या रंगद्रव्यांच्या घराण्यातले आहेत. दुसऱ्या जातीचे नाव तर अधिकच फसवे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ कुंथ यांनी १८२३ मध्ये दिलेल्या अंब्राटिकोला या नावाचा अर्थ सावलीत राहणारा असा होतो. त्यावर विश्वास ठेवून कोणी ती कुंडी सावलीत ठेवली तर हिरव्या दोऱ्यांखेरीज हाती काही लागणार नाही. तिला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवेच.

मुलांना दाखवण्यासारखी एक गंमत आहे. कडक ऊन असलेल्या सकाळी पूर्ण उमललेल्या चिनी गुलाबाच्या पुंकेसरांना काडीने एका बाजूने हलकेच स्पर्श करावा. काही क्षणांत पुंकेसर स्पर्शाच्या दिशेने झुकताना दिसतात. फुलात शिरलेल्या मधमाशीला पराग चिकटावेत यासाठी ही सोय उपयोगी पडते.

घोळाशी गल्लत

या दोघांचा तिसरा भाऊबंद आपल्या स्वयंपाकघरात आहे. मंडईत जुड्यांनी मिळणारी घोळाची भाजी म्हणजे पोर्टुलाका ओलेरेशिया, आणि तिच्याहून बारीक पानांची चिवळ म्हणजे पोर्टुलाका क्वाड्रिफिडा. घोळ कुंड्यांत न लावताही उगवतो, कारण त्याच्या काळ्या बिया शेणखतातून आणि मातीतून सहज येतात. रुंद पानांच्या पोर्टुलाकाच्या कुंडीत घोळाचे रोप उगवले की दोन्ही फांद्या एकमेकींत मिसळतात, आणि मूळ रोपाची फुले लहान होऊ लागली असा समज होतो. प्रत्यक्षात घोळ मूळ रोपाला दाबून टाकत असतो. घोळाचे फूल पिवळे आणि जेमतेम सात-आठ मिलिमीटरचे असते, सकाळचे काही तासच उघडते, आणि त्याच्या बोंडाला झालर नसते. फूल येण्यापूर्वी ओळखायचे असेल तर तांबूस, गुळगुळीत, जमिनीसरपट पसरणाऱ्या जाड फांद्या पाहाव्यात. असे रोप मुळासकट उपटावे. वरून खुडलेले रोप पुन्हा फुटते, आणि उपटून तिथेच टाकलेले रोपही ओलावा मिळाला की मूळ धरते.

उपटलेला घोळ ताकातल्या भाजीत घालायचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु ज्या कुंडीत कीटकनाशक फवारले आहे तिच्यातला घोळ खाऊ नये, आणि रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीतला तर मुळीच खाऊ नये. फांदी मोडल्यावर पांढरा चीक आला तर ते घोळ नसून दुधी नावाचे (युफोर्बियाच्या जातीचे) तण असते. घोळात ऑक्झॅलेटचे प्रमाण बरेच असल्याने मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी आपल्याच कुंडीतलासुद्धा बेतानेच खावा.

माती, पाणी आणि पुण्याचा पावसाळा

जात ओळखली की निगेचा निम्मा प्रश्न सुटतो. माती दोघांनाही सारखीच लागते. ती भुसभुशीत हवी आणि पाणी झटकन खाली जाऊ देणारी हवी. पुण्याच्या आसपासची काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकल्यावर भेगाळते, म्हणून ती एकटी कधीही वापरू नये. दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, दोन भाग भरड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण मला वर्षानुवर्षे पुरले आहे. नदीची वाळू मिळत नसल्याने आता बहुतेक जण बांधकामाची क्रश सँड वापरतात. ती घेण्यास हरकत नाही, पण आधी दोन-तीन वेळा पाण्यात खळबळून तिच्यातली दगडाची भुकटी काढून टाकावी. तसे न केल्यास ती भुकटी कुंडीच्या तळाशी बसून सिमेंटसारखी घट्ट होते आणि भोक असूनही पाणी निघत नाही. खत जास्त झाले तर पाने माजतात आणि फुले कमी होतात.

भांड्याच्या बाबतीत मात्र दोघांची वाट वेगळी आहे. ग्रँडिफ्लोरा बुटका आणि दाट वाढतो, त्यामुळे दहा-बारा सेंटिमीटर खोल, पसरट मातीची कुंडी त्याला शोभते आणि मातीच्या भिंतीतून ओलावाही निघून जातो. अंब्राटिकोलाच्या फांद्या लांब होऊन काठावरून लोंबतात, म्हणून तो टांगत्या कुंडीत लावावा. टांगती कुंडी वाऱ्याने लवकर सुकते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लहान टांगत्या कुंडीला रोज सकाळी पाणी लागते, तर त्याच गच्चीवरच्या मातीच्या कुंडीला एक दिवसाआड पुरते. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे.

थोडी तहान या रोपांना सोसते. पोर्टुलाका वंशातील रोपे एरवी ऊस-ज्वारीच्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात आणि पाणी तुटल्यावर निवडुंगाच्या पद्धतीचा आधार घेतात, म्हणजे रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो आम्लाच्या रूपात पानांत साठवतात. पाण्यावाचून राहिलेल्या घोळाचे पान पहाटे अधिक आंबट लागते ते यामुळेच. दोन दिवस गावाला गेल्यामुळे ही रोपे मरत नाहीत. मरतात ती परत आल्यावर अपराधी वाटून ओतलेल्या बादलीभर पाण्याने.

पुण्यात वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या पुढे-मागे असला तरी त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि पोर्टुलाकाला त्रास पडणाऱ्या पाण्यापेक्षा न सुकणाऱ्या मातीचा अधिक होतो. मी मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही जातींची छाटणी करतो आणि छाटलेल्या फांद्या जपून ठेवतो. पावसाचा जोर धरला की ग्रँडिफ्लोराची कुंडी पत्र्याखाली, पण उजेड मिळेल अशा कडेला जाते. अंब्राटिकोलाची टांगती कुंडी पश्चिमेची झोड लागणार नाही अशा बाजूला, खिडकीच्या छज्जाखाली अडकवली तरी चालते. कुंडीखालची ताटली या काळात काढूनच टाकावी. बुडाशी काळसर, मऊ डाग दिसल्यास वरची निरोगी फांदी लगेच कापून घ्यावी आणि बाकीचे रोप मातीसह टाकून द्यावे. बुरशीनाशक ओतून कुजलेले खोड वाचल्याचे मी पाहिलेले नाही. याच दिवसांत गोगलगायी रात्री पाने कुरतडतात. त्या टॉर्च घेऊन हाताने वेचणे हाच सोपा उपाय आहे. उन्हाळ्यात बेचक्यांत पिठ्या ढेकूण बसतो, आणि ग्रँडिफ्लोरात पांढऱ्या केसांमुळे तो उशिरा लक्षात येतो. बेचक्यातला कापूस बोटाला चिकट लागला तर ते केस नव्हेत.

बी की फांदी

अभिवृद्धीच्या बाबतीत फरक सर्वांत व्यवहारी आहे. एकेरी फुलांचा ग्रँडिफ्लोरा बियांपासून सहज येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बी बारीक वाळूत मिसळून ओलसर मातीवर भुरभुरावे, हाताने हलके दाबावे आणि वरून माती घालू नये, कारण या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. पाणी झारीने न घालता फवाऱ्याने द्यावे, नाहीतर सगळ्या बिया कुंडीच्या एका कोपऱ्यात जमा होतात. एक ते दोन आठवड्यांत रोपे दिसू लागतात. भरगच्च फुलांच्या रोपाचे बी धरल्यास पुढच्या पिढीत काही रोपे एकेरी निघतात, म्हणून आवडलेले भरगच्च फूल टिकवायचे असेल तर फांदीच लावावी.

अंब्राटिकोला तर फांदीनेच वाढवावा. सात-आठ सेंटिमीटरची, फूल नसलेली फांदी घेऊन खालची पाने काढावीत, काप सुकण्यासाठी ती तीन-चार तास सावलीत ठेवावी आणि मग ओलसर वाळूत खोचावी. साधारण आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. शेजारच्या काकू फांदी तोडून सरळ दुसऱ्या कुंडीत खुपसतात आणि त्यांचीही जगते हे मी मान्य करतो, पण त्या हे मार्चमध्ये करतात. जुलैमध्ये न सुकवलेला काप कुजतो.

बी गोळा करायचे असल्यास बोंड हिरव्याचे फिकट तपकिरी होताच, झाकण उडण्याआधी सकाळी खुडावे आणि कागदी पाकिटात सुकवावे. त्याच वेळी भिंग घेऊन बोंडाच्या कडेची झालर पाहून घ्यावी आणि पाकिटावर नुसते पोर्टुलाका असे न लिहिता जातीचे पूर्ण नाव, फुलाचा रंग आणि महिना लिहावा. मेच्या छाटणीनंतर फांद्या लावलेल्या कुंड्यांवरही हेच करावे, कारण पाने गळलेल्या अवस्थेत पत्र्याखाली चार महिने काढल्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात कोणती कुंडी आधी बाहेर काढायची हे ठरवताना ती चिठ्ठीच हाताशी असते.